खोललेली गाडी : वऱ्हाडातल्या जुन्या मालमोटारींच्या चासीचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास आपल्याकडे बहुतेक मालकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. कोणत्या संस्थानिकाकडे कोणती गाडी होती, ती कोणत्या साली विलायतेहून आली, तिच्यात कोण बसले, हे सारे नीट नोंदलेले सापडते. मालमोटारीच्या वाट्याला अशी बखर आली नाही. तिने कापूस, सरकी, लाकूड आणि लग्नाची वऱ्हाडे वाहिली, तिचे मालक बदलले, इंजिन बदलले, बॉडी तर दोन-तीनदा बदलली, आणि शेवटी ती कुणाच्या तरी वाड्यामागे कडुनिंबाखाली उभी राहिली. तिच्याविषयी कागद फारसा उरत नाही. उरते ती चासी. म्हणून या लेखात कागदाऐवजी चासीकडूनच इतिहास वाचण्याचा प्रयत्न केला आहे. चासी वाचायची तर गाडी खोलावी लागते, आणि खोलणाऱ्याचा हात-पाय शाबूत ठेवून खोलावी लागते. त्यामुळे हा इतिहास अधूनमधून मिस्त्रीच्या पान्यांच्या पिशवीत शिरेल. वाचकांनी ते चालवून घ्यावे.

‘खोलणे’ हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. भंगारवाला गाडी ‘कापतो’ किंवा ‘तोडतो’, मिस्त्री ती ‘खोलतो’. खोललेली वस्तू पुन्हा बंद करता येते, हे त्या शब्दातच गृहीत आहे. वऱ्हाडात हे कसब मोटारीबरोबर आलेले नाही. रेंगी, दमणी, खासर या गाड्या सुतार-लोहारांच्या हाताखाली सुट्या होतच होत्या. चाक उतरवायचे, आख तपासायचा, तुंब्यात वंगण भरायचे, सैल झालेली लोखंडी धाव काढून पुन्हा चढवायची. धाव चढवण्याची रीत तर थेट मोटारीत उतरली. धाव लाल होईपर्यंत तापवतात, ती फुगली की लाकडी चाकावर बसवतात आणि पाणी ओततात, की ती आकसून चाकाला करकचून आवळते. इंजिनच्या फ्लायव्हीलवरची दातेरी रिंग हीच युक्ती वापरून बसवतात. पुस्तकाचे तोंड न पाहिलेल्या लोहाराच्या पोराला गॅरेजात गेल्यावर ही गोष्ट वेगळी शिकवावी लागली नसणार.

आता ही मोटार वऱ्हाडात आली कशासाठी, ते थोडक्यात. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इथल्या कापसाला सोन्याचा भाव दिला. रेल्वे आली ती कापसासाठीच. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, यावरून त्या मालाचे वजन कळावे. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा हा देशातल्या बाजार समित्यांच्या कायद्यांचा पूर्वज मानला जातो. पण शेत ते बाजार आणि जिनिंग ते स्टेशन हे अंतर रेल्वेने कधीच भरून काढले नाही. ते बैलाने भरले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात हळूहळू मोटारीने. हिशेब करून पाहा. भारतीय गाठीचे वजन ३९२ पौंड. अमेरिकेत ज्याला अर्धा टनी पिकअप म्हणत, तिचा नाममात्र भार १,००० पौंड. म्हणजे दोन गाठी आणि वर दोन माणसे. तिसरी गाठ टाकली की गाडी कायद्याने नव्हे तरी कारखान्याच्या हिशेबाने जादा भरली. वऱ्हाडात तिसरी गाठ टाकली गेली नसेल यावर माझा विश्वास नाही, आणि त्याचा पुरावा पुढे चासीतच मिळतो.

गाडी मुंबईला यायची तीच मुळी खोललेली. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. फोर्डचीही मुंबईत जोडणी होती. लाकडी पेट्यांमधून सुटे भाग बोटीने येत आणि इथे जोडले जात. अख्ख्या गाडीपेक्षा सुट्या भागांना बोटीत जागा कमी लागे आणि जकातही कमी बसे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याला गाड्यांची जोडणी सुरू केली. त्यांचे डॉज आणि फार्गो हे ट्रक मुळात एकच, फक्त नावाची पट्टी वेगळी. त्याच वर्षी महिंद्रांनी विलीज कंपनीकडून ७५ गाड्यांची पहिली तुकडी सुट्या भागांत मागवली. पुढे माझगावला जीपची जोडणी होऊ लागली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण बदलले : नुसती जोडणी करणाऱ्यांनी इथे सुटे भाग बनवायची तयारी दाखवावी, नाही तर गाशा गुंडाळावा. १९५४ च्या सुमाराला जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघेही निघून गेले. त्याच वर्षी टाटांनी डाइमलर-बेंझशी करार केला आणि डिझेल ट्रकांचे युग सुरू झाले.

या घडामोडीचा वऱ्हाडावर झालेला परिणाम उद्योगाच्या इतिहासात सापडत नाही, कारण तो कारखान्यात घडलाच नाही. शेव्हरोले किंवा फोर्ड गाडी ज्याच्या दारात उभी होती, त्याच्यापुढे १९५४ नंतर एकच प्रश्न होता : तुटलेला भाग आणायचा कुठून? एका गाडीचा जीव दुसरीत घालूनच ती चालवावी लागणार होती. गाडी सुबक खोलण्याची गरज तिथून आली. वाकडातिकडा कापलेला गिअरबॉक्स कुणाच्या कामाचा? नीट उतरवलेला गिअरबॉक्स मात्र आणखी दहा वर्षे कापूस वाही.

दुसरा पुरवठा होता युद्धाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या हजारो गाड्या लिलावात निघाल्या. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग त्या वेळचा, आणि जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून आहे. त्यात विलीज आणि फोर्डच्या जीपा होत्या, अमेरिकी डॉज होते आणि कॅनडात बनलेले बसक्या नाकाचे फोर्ड-शेव्हरोले लष्करी ट्रक होते. या ट्रकांच्या चाकांची रिम दोन अर्ध्या भागांची असे. दोन अर्धुके बोल्टांनी एकमेकांना बांधलेली आणि आत हवा भरलेले टायर. चाक गाडीला धरणारे नट वेगळे आणि अर्धुके जोडणारे नट वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या नटांना लष्करात लाल रंग देत, कारण हवा न काढता ते सैल केले तर रिमचा अर्धा भाग तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. गाडी लिलावात गेली, नव्या मालकाने सबंध गाडीला हिरवा किंवा पिवळा रंग मारला, आणि तो लाल इशारा रंगाखाली गाडला गेला. सैनिकाला माहीत असलेली गोष्ट किन्नराला माहीत उरली नाही. जुन्या रिमवरचा रंग खरवडून खाली लाल दिसतो का, हे आधी पाहणे हा निव्वळ इतिहासाचा छंद नव्हे. रंग सापडो वा न सापडो, चाकाला पाना लावण्यापूर्वी वाल्वची गाभ्यातली पिन काढून हवा पूर्ण सोडायची. नंतरच्या ट्रकांत आलेल्या लॉक-रिंगच्या चाकांनाही हाच नियम.

आता प्रत्यक्ष खोलण्याकडे येऊ. कारखान्यात जो क्रम, त्याच्या बरोबर उलटा क्रम अंगणात. कारखान्यात पहिल्यांदा चासीची शिडी मांडली जाते. ती शिडीच असते : दोन लांब दांड्या आणि मधल्या आडव्या पट्ट्या, तापवलेल्या रिव्हेटांनी सांधलेल्या. मग कमानीचे पाटे आणि दोन्ही आख, मग इंजिन-गिअरबॉक्स, मग शाफ्ट, शेवटी तोंडाचा पत्रा. अनेक मालमोटारी तर एवढ्यावरच विकल्या जात. केबिन आणि मागची बॉडी गावातला सुतार बांधे. त्यामुळे वऱ्हाडातल्या जुन्या गाडीची बॉडी ही स्थानिक आणि चासी परदेशी, अशी तिची दुहेरी वंशावळ असते. अंगणात पहिल्यांदा निघते ती स्थानिक बाजू.

पण त्याआधी जमीन. मोटार दुरुस्तीची परदेशी पुस्तके सिमेंटच्या सपाट फरशीवर उभी राहून लिहिलेली आहेत. वऱ्हाडातले अंगण काळ्या मातीचे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा घेते, आणि ओलसर असताना जॅकचा पाय मुकाट्याने गिळते. वजन चढल्यावर जॅक सरळ खाली जात नाही, तिरपा होतो, आणि गाडी त्याच्यावरून घसरते. म्हणून पावसाळ्यात गाडीखाली जायचे नाही. जॅकच्या आणि घोडीच्या खाली रेल्वेच्या लाकडी स्लीपरसारखा जाड, रुंद लाकडी ओंडका हवा. नुसती शहाबादी फरशी एका टोकावर वजन आले की तडकते. विटा आणि सिमेंटचे ठोकळे तर मुळीच नकोत. ते आधी काही न कळवता चुरा होतात. आणि जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नाही. उचलून झाले की वजन लोखंडी घोड्यांवर उतरवायचे, गाडीला बाजूने जोराचा धक्का देऊन पाहायचा, आणि मगच खाली सरकायचे. दिवाळी ते होळी हा त्यासाठी हंगाम. अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत पाना हातात धरवत नाही, आणि माणूस घाईला येतो.

बॅटरीची तार सोडणे आणि पेट्रोल काढणे ही पहिली दोन कामे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात किंवा खोलगट जागी साचून राहते. त्यामुळे हे काम उघड्यावर, भर वाऱ्यात, आणि विडीवाल्याला फाटकाबाहेर ठेवून. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. तिच्यावर वेल्डिंग किंवा कटर चालवू नये, कितीही वर्षे कोरडी असली तरी. मग लाकडी बॉडी, मडगार्ड, रेडिएटर. प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात हाताने परत अडकवून ठेवण्याची जुन्या मिस्त्रींची सवय मला फोटो काढण्यापेक्षाही उपयोगी वाटते. फोटोत लांबी दिसते, पण कोणता बोल्ट कुठला हे तीन महिन्यांनी आठवत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून तीनशे किलोच्या घरात जातात. ते चेनकप्पीने उचलतात. कडुनिंबाची फांदी या कामाला वापरण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि ती मोडीत काढण्यासारखी आहे. फांदी किती किडली आहे हे बाहेरून दिसत नाही. लोखंडी तिकाटी भाड्याने मिळते. उचललेल्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, आणि ते हवेत असताना जेवायला जायचे नाही.

खरे बारकावे मात्र इंजिन आणि मागचा आख यांच्या मधल्या शाफ्टमध्ये आहेत. पहिले असे की जीप, डॉज, फार्गो अशा गाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर असतो. शाफ्ट सोडला की ब्रेकही सुटला. हातब्रेक ओढून, निर्धास्त होऊन शाफ्टचे बोल्ट काढणाऱ्याच्या अंगावरून गाडी जाऊ शकते. त्याहून फसवी गोष्ट अशी की शाफ्ट जागेवर असतानाही मागचे एकच चाक जॅकवर उचलले की ब्रेक निकामी होतो. डिफरन्शियल त्या मोकळ्या चाकाला फिरू देते आणि जमिनीवरचे चाकही गडगडू लागते. म्हणून चारही चाकांना पुढून-मागून लाकडी उट्या किंवा मोठे दगड, आणि ते अगदी आधी.

दुसरे असे की शेव्हरोलेच्या अर्धा टनी पिकअपमध्ये १९५४ पर्यंत शाफ्ट उघडा नसे. तो एका जाड नळीत बंद असे आणि ती नळी मागच्या आखाला एकसंध जोडलेली. अशा गाडीचा गिअरबॉक्स काढायचा तर बहुधा सबंध मागचा आखच पाट्यांवरून सोडवून मागे सरकवावा लागतो. फार्गो खोलून तयार झालेला मिस्त्री या नळीपाशी येऊन थबकतो. कंपनीप्रमाणे गॅरेजे का वाटली जातात, एखादा ‘शेव्हरोलेवाला’ आणि एखादा ‘जीपवाला’ का म्हणवला जातो, याचे उत्तर अशा एकेका नळीत आहे.

तिसरे, उलट्या आट्यांचे. विलीज जीप आणि क्रायस्लर घराण्यातल्या डॉज-फार्गो यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे फिरतात. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये, ही त्यामागची कल्पना. हे माहीत नसलेला माणूस पान्याला पाइप लावून लावून नट आणखी आवळतो आणि शेवटी स्टड मोडतो. डाव्या चाकाच्या स्टडच्या टोकावर ‘एल’ हे अक्षर कोरलेले आहे का, ते आधी चिंधीने पुसून पाहावे.

कमानीचे पाटे हे गाडीतले सर्वांत निरागस दिसणारे आणि मनात राग धरून बसलेले अंग. सुट्या पाट्यांची जुडी एका मधल्या बोल्टने आवळलेली असते, आणि प्रत्येक पाट्याचा बाक निराळा असल्यामुळे ती जुडी सतत उसळायला पाहते. दोन्ही अंगांना शिकंजे लावल्याशिवाय मधल्या बोल्टला हात लावायचा नाही. शिकंजे सोडायचे तेही थोडे इकडचे, थोडे तिकडचे.

धूळ ही गोष्ट आपल्याकडे कुणी धोक्यात धरत नाही. जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडला की हवेच्या पाइपने फुंकर मारण्याची गॅरेजची सवय छातीला कायमची लागते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करावे. चासीवरचा मूळ थर कित्येकदा शिसेयुक्त लाल रंगाचा असतो, म्हणजे रसायनाच्या भाषेत आपला शेंदूरच. देवाला चालतो, फुफ्फुसाला नाही. तो कोरडा घासू नये, आणि ज्या घरात लहान मुले आहेत तिथे अंगणात मुळीच घासू नये.

एवढे सारे उतरले की चासी उघडी पडते, आणि संशोधकाचे काम सुरू होते. कारखान्याचा रिव्हेट गोल डोक्याचा, भोक गच्च भरणारा. जिथे रिव्हेटऐवजी बोल्ट आहे, तिथे ती जागा कधीतरी उघडली गेली आहे. मागच्या पाट्याच्या खुंटीच्या वर दांडीला लोखंडी पट्टी मारलेली असेल, तर तिथे चासी तडकली होती. पाटे मोजावेत : दोन्ही बाजूंना मूळच्यापेक्षा एक-दोन पाटे जास्त निघाले, आणि त्यांच्यावर गावठी घडणीचे हातोड्याचे ठसे असले, तर तिसऱ्या गाठीचा प्रश्न मिटला. एकाच बाजूची दांडी बसलेली असेल तर माल एका अंगाला भरला जात होता. लाकूड वाहणाऱ्या गाडीची जखम केबिनच्या मागे असते, कारण ओंडका तिथे आदळतो. मेळघाटच्या घाटातून परतवाड्याच्या लाकूडबाजारात उतरलेल्या गाडीची चासी आणि सपाट रस्त्यावर सरकी वाहिलेल्या गाडीची चासी यांत हा फरक दिसायला हवा, असे मला वाटते. कुणी विद्यार्थ्याने तीस-चाळीस चासी मोजून हे पडताळून पाहावे. विद्यापीठाला शोभेल असा तो प्रबंध होईल.

पण त्याला तेवढ्या चासी मिळतील का, हा प्रश्न आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. चासी किंवा इंजिनात फेरफार नसावा, ही अट. इथवर ठीक. पण व्याख्येत बसतात त्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी. मालवाहू गाडीला त्यात जागा नाही. ज्या शेव्हरोले मोटारीतून जिनिंगचा मालक फिरला ती वारसा ठरू शकते. त्याच कंपनीच्या, त्याच साली शिवडीला जोडलेल्या ज्या पिकअपने त्याचा कापूस वाहिला, ती ठरत नाही. दुसरीकडे पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली आणि मोडीत काढण्याची अधिकृत केंद्रे उभी राहत आहेत. तिथे गाडी खोलत नाहीत, कापतात. प्रदूषणाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही, आणि रस्त्यावर धूर ओकणारे सगळेच जुने ट्रक जपावेत असा माझा आग्रह नाही. मात्र जी गाडी रस्त्यावर येणारच नाही, नुसती कडुनिंबाखाली उभी आहे, तिला मोटारीच्या नियमाने वारसा न मानणे हा नोकरदार माणसाला घरात जागा आणि नोकराला ओसरी, असाच न्याय झाला.

मालकाच्या मुलांनी गाडी विकायची ठरवली असेल, तरी विकण्याआधी एक काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. चासीचा नंबर शोधावा. तो कुठे दाराच्या खांबावरच्या पत्र्याच्या पट्टीवर असतो, कुठे चासीच्या दांडीवर ठोकलेला, कुठे दोन्हीकडे. तारेच्या ब्रशने घासू नये, त्याने उथळ आकडे जातात. रॉकेलच्या चिंधीने मळ मऊ करून पुसावा, वर पातळ कागद ताणून धरावा आणि पेन्सिलीचे टोक आडवे करून हलक्या हाताने घासावे. आरटीओत गाडी नेताना अजूनही असाच ठसा मागतात, त्यामुळे हे कसब घराघरात कुणाला ना कुणाला येते. आकडे पांढरे उमटतात. त्याच कागदावर पाट्यांची संख्या, पट्टी मारलेल्या जागा, बोल्ट घातलेली भोके आणि घरात आठवत असेल तेवढी मालकांची नावे लिहावीत, आणि तो कागद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवून द्यावा.